बंद पडलेला ट्रक आणि विज्ञानाचा तास

महाराष्ट्राच्या नकाशावर पूर्वेकडे अगदी टोकाला भामरागड आहे. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम येथे होतो. भामरागडच्या अलीकडे, पर्लकोटेच्या या बाजूला हेमलकसा हे गाव लागते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आलापल्लीहून हेमलकशाकडे जाणारा साठेक किलोमीटरचा रस्ता घनदाट जंगलातून आणि अनेक नाल्यांवरून जातो. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षांत पावसाळ्याचे कित्येक महिने या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. अगदी २०१९ सालच्या पावसाळ्यातही पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला.

अशा ठिकाणी ट्रक म्हणजे काय, हे शहरातल्या विद्यार्थ्याला सहज उमगणार नाही. धान्य, मीठ, औषधे, शाळेची पुस्तके, घराचे पत्रे हे सारे चाकांवरूनच येते. पाऊस लागण्यापूर्वी जे पोचले ते पोचले. मे महिन्याच्या अखेरीस भरलेला ट्रक जंगलात बंद पडला, तर तो प्रश्न केवळ चालक आणि मालक यांचा राहत नाही. आणि तो बंद पडतो तेथे गॅरेज नसते, सुट्या भागांचे दुकान नसते, पुष्कळदा टेलिफोनही लागत नाही. तेथे असतात ती चालकाची हत्यारांची पेटी, क्लीनरचे हात आणि दोघांची डोकी.

या लेखात मला एक मत मांडावयाचे आहे. बंद पडलेल्या डिझेल ट्रकचा दोष शोधून काढणे हे केवळ कारागिरीचे काम नाही. ते शुद्ध विज्ञान आहे, आणि माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या तासाला त्याला मानाची जागा मिळाली पाहिजे. हे पटवून देण्यासाठी प्रथम ट्रकच्या इंजिनात डोकावू या.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने निराळा विचार केला. सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबावी, की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेईल. १८९७ साली त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लावून दाखवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते.

आता अडचण अशी, की सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाबाची हवा आहे. तिच्यात डिझेल घुसवायचे तर त्याहून कितीतरी जास्त दाब हवा. शिवाय डिझेलचे अगदी बारीक तुषार झाले पाहिजेत, तरच ते क्षणात जळेल. म्हणून जुन्या पद्धतीच्या ट्रकमध्ये नोझलची सुई वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब आल्यावरच उचलली जाते. फवारा उडतो तो सेकंदाच्या जवळजवळ पाचशेव्या भागात. एवढा दाब निर्माण करणाऱ्या पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ही फट केसाच्या विसाव्या हिश्शाहून लहान. डिझेलमधला धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब येथे केवढा उत्पात करीत असेल, याची कल्पना करा!

डिझेलचा प्रवास असा होतो. टाकीतून फीड पंप ते ओढून घेतो. मग ते फिल्टरमधून गाळले जाते आणि मुख्य पंपाच्या पोटातील पोकळीत येते. तेथून प्रत्येक दट्ट्या आपल्या वाट्याचे डिझेल उच्च दाबाने आपल्या नोझलकडे पाठवतो. येथवर सारे सरळ आहे. पण ट्रकखाली वाकून पाहिले, तर आणखी एक नळी दिसते. ती उलट, टाकीकडे जाते. मेस्त्री तिला ‘रिटर्न’ म्हणतात.

टाकीतून आणलेले डिझेल परत टाकीत कशासाठी पाठवायचे? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. पुष्कळ विद्यार्थी म्हणतील, उरलेले परत जाते. पण उरावे म्हणून मुद्दाम जास्त आणलेले असते, हे त्यातले मर्म आहे.

थोडे गणित करू. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे. दर दोन फेऱ्यांना एका सिलिंडरला एक फवारा, म्हणजे मिनिटाला एकूण ६००० फवारे. पूर्ण भार असताना एका फवाऱ्यात ६० घन मिलिमीटर डिझेल धरले, तर मिनिटाला ३६० घन सेंटिमीटर, म्हणजे तासाला सुमारे साडेएकवीस लिटर डिझेल लागेल. फीड पंप नेमके एवढेच देऊ लागला, तर चढावर गरज वाढताच पंपाच्या पोटातील दाब कोसळेल आणि दट्ट्यांना पुरेसे डिझेल मिळणार नाही. म्हणून फीड पंप गरजेपेक्षा बरेच जास्त देतो. पंपावर स्प्रिंगची एक लहानशी झडप असते. ती पोकळीतला दाब वातावरणापेक्षा एक-दीड पट जास्त राखते आणि त्यापुढचे डिझेल रिटर्नमध्ये सोडून देते. जाता जाता हे डिझेल पंपाची उष्णता आणि आत शिरलेली हवा बरोबर घेऊन जाते. नोझलच्या सुईभोवती झिरपणारे थोडे डिझेलही दुसऱ्या बारीक नळीने परत जाते. तेव्हा रिटर्न हा कचऱ्याचा मार्ग नव्हे. दाब सांभाळण्याची, थंडाव्याची आणि हवा बाहेर काढण्याची ती सोय आहे.

मेस्त्री म्हणतात, “गाडीने एअर घेतली.” या तीन शब्दांत बॉईलचा नियम आहे. समजा, दट्ट्यापुढे तुरीच्या दाण्याएवढा, ६० घन मिलिमीटर हवेचा एक बुडबुडा अडकला. तापमान बदलत नाही असे धरले, तर दाब २०० पट होईपर्यंत त्याचे आकारमान २०० पट कमी व्हावे लागेल. म्हणजे तो ०.३ घन मिलिमीटर होईल. दट्ट्या तर एका खेपेला साठच घन मिलिमीटर ढकलतो. त्याची जवळजवळ सारी मेहनत बुडबुडा आकसण्यात संपते, नोझलची सुई जागची हलत नाही, आणि दहा टन मालाचा ट्रक एका बुडबुड्यापुढे हात टेकतो.

ही हवा शिरते कोठून? येथे पुष्कळांची फसगत होते. गळती म्हणजे ओल, असे आपण समजतो आणि ओल शोधतो. फीड पंपाच्या पुढच्या भागात हे खरे आहे. तेथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. नट सैल असला की डिझेल बाहेर येते. पण टाकी ते फीड पंप या भागात फीड पंप ओढत असतो. तेथे आतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तेथे नळीला चीर गेली किंवा तांब्याचे वायसर दबून गेले, तर चालू इंजिनात डिझेल बाहेर पडत नाही. बाहेरची हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि दोष नेमका तेथेच असतो. ज्याला वातावरणाचा दाब केवळ परीक्षेपुरता माहीत आहे, तो ओल शोधत बसेल. ज्याला तो खरोखर समजला आहे, तो कोरड्या जोडावरही संशय घेईल.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक भरलेला ट्रक सपाटीवर ठीक चालतो. चढ लागला की दम सोडतो आणि बंद पडतो. दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होतो. संशयित अनेक आहेत: टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, तुंबलेला फिल्टर, आतून सोललेली रबरी नळी, थकलेला फीड पंप, रिटर्नची झडप, झिजलेला मुख्य पंप, झिजलेले नोझल. शहरात पुष्कळदा काय होते? फिल्टर बदला, नाही जमले तर फीड पंप बदला, तरीही नाही तर मुख्य पंप उतरवून दुकानात न्या. ट्रक अखेर दुरुस्त होतो. पण दोष कोणता होता हे कोणालाच कळत नाही. मालकाचे पैसे जातात आणि मेस्त्रीच्या हाताखालचा मुलगा काहीच शिकत नाही. आलापल्लीच्या जंगलात तर बदलायला दुसरा भागच नसतो.

विचार करणारा माणूस असे करीत नाही. तो प्रथम टाकीचे झाकण उघडतो. सुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि ट्रक सुरळीत झाला, तर छिद्र बुजले होते. टाकीतले डिझेल कमी होत गेले, त्या जागी हवा येऊ शकली नाही आणि टाकीत विरळ हवा उरली. फीड पंप बिचारा तिच्याशी झुंजत होता. रस्त्याच्या धुळीने बुजलेले एक छिद्र, आणि खर्च एका तारेच्या तुकड्याचा!

तसे नसेल, तर तो वाटेचे दोन भाग करतो. एका डब्यात स्वच्छ डिझेल घेऊन त्यातून थेट फीड पंपाला देतो. इंजिन सुधारले तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये. सुधारले नाही तर पुढे. एका चाचणीत निम्मे संशयित सुटले. मग तो रिटर्नची नळी सोडवून तिचे टोक काचेच्या बाटलीत धरतो. सतत बुडबुडे येत असतील, तर ओढणाऱ्या बाजूने हवा शिरते आहे. काहीच येत नसेल, तर फिल्टर तुंबला आहे, फीड पंप पुरवठा करीत नाही किंवा रिटर्नची झडप बंद अवस्थेत अडकली आहे. डिझेल भरपूर येते, पण इंजिनात जोर नाही, असे असेल तर झडपेवर संशय जातो. तिची स्प्रिंग तुटली, तर डिझेल दाब न घेताच टाकीकडे पळते. जुन्या पद्धतीच्या पंपावर रबरी रिटर्न नळी दोन-चार सेकंद चिमटीत दाबली आणि इंजिनाने जोर धरला, तर झडपेचा गुन्हा जवळजवळ शाबीत झाला. नोझलचा संशय असेल, तर प्रत्येक नोझलचे परत येणारे डिझेल निरनिराळ्या बाटल्यांत घ्यावे. सहा बाटल्यांपैकी एकच लवकर भरली, तर झिजलेले नोझल कोणते हे विचारण्याची गरज नाही.

येथे काय काय घडले ते पाहा. निरीक्षण झाले. निरनिराळी अनुमाने मांडली. प्रत्येक अनुमान खरे असेल तर काय दिसले पाहिजे, हे आधी ठरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलली. स्वस्त आणि सोपी चाचणी आधी केली, अवघड नंतर. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात ‘वैज्ञानिक पद्धती’ म्हणून जे छापलेले असते ते यापेक्षा निराळे आहे काय? मात्र पुस्तकात ती पाठ करायची असते. येथे ती चुकली तर ट्रक हलत नाही.

हेमलकशाच्या दवाखान्याचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या वर्षांत तेथे वीज नव्हती, रोगी झाडाखाली तपासले जात. जेथे यंत्रे नसतात तेथे लक्षणांवरून नेमका विचार करणे, हेच सर्वांत मोठे साधन असते. ट्रक आणि रोगी यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही; पण निदानाची शिस्त दोन्हीकडे एकच आहे.

या मतावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की हे काम तंत्रशाळांचे आहे, माध्यमिक शाळेचे नाही. मला हे मान्य नाही. प्रत्येक मुलाने मेस्त्री व्हावे असे मी म्हणत नाही. पण दाब, पोकळी, बॉईलचा नियम हे आपण शिकवतोच. ते कोठे कामी येतात हे दाखवले नाही, तर ते गुणपत्रिकेपलीकडे जात नाहीत. एके काळी महाराष्ट्रातील पुष्कळ विहिरींवर डिझेल इंजिने धडधडत. १९४६ साली खडकीला स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी होते. इंजिनाची एअर काढणे शेतकऱ्याच्या शाळकरी मुलालाही जमे. विजेचे पंप आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण यंत्राशी हाताने बोलण्याची ती सवय गेली आणि तिच्या जागी शाळेने काही दिले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ चे निकष लागू झाले. नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल पद्धत असते, दाब वातावरणाच्या दीड हजार पटींहूनही वर जातो आणि संगणक सारे सांभाळतो. मग हे जुने ज्ञान कशाला? पण संगणक सांगतो तरी काय? तो सांगतो, रेलमधील दाब कमी आहे. का कमी आहे, हे तो नेहमीच सांगू शकत नाही. छिद्र बुजले असेल, फिल्टर तुंबला असेल, हवा शिरली असेल, किंवा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असतील. तेथेही मेस्त्री परतीचे डिझेल मापाच्या बाटल्यांत घेऊन तुलना करतात. संगणक लक्षण सांगतो, निदान माणसालाच करावे लागते.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. कॉमन रेलच्या चालू इंजिनाचा उच्च दाबाचा नट कधीही सैल करू नये, त्याची रिटर्न नळी दाबू नये आणि कोणत्याही डिझेल इंजिनाची फवाऱ्याची गळती हाताने चाचपू नये. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीने रुग्णालयात नेण्याजोगी असते. विद्यार्थ्यांनी चालू इंजिनावर प्रयोग करू नयेत. मला अभिप्रेत असलेले प्रयोग वर्गातच होऊ शकतात.

सुई नसलेली सिरिंज पाण्याने पूर्ण भरा, तोंड अंगठ्याने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता आत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. ‘एअर घेतली’ म्हणजे काय ते हातालाच कळेल. एका नळीला पाण्याच्या वर टाचणीने छिद्र पाडा आणि तिने पाणी ओढा. पाण्याबरोबर हवा येईल, पण छिद्रातून थेंबही बाहेर पडणार नाही. त्याच नळीतून पाणी दाबाने पाठवा, लगेच छिद्रातून धार उडेल. तिसरा प्रयोग बाटलीचा. न दबणाऱ्या बाटलीच्या घट्ट बुचातून एकच नळी काढून बाटली उलटी धरा. पाणी थोडे वाहून अडखळेल. हवेसाठी दुसरी नळी दिली की धार सुरू होईल. काचेच्या सलाइनच्या बाटलीला परिचारिका हवेसाठी वेगळी सुई का टोचत असत, तेही येथेच समजेल. तिन्ही प्रयोगांना मिळून खर्च चहाच्या दोन कपांचा.

शिक्षकांनी आणखी एक पाऊल टाकावे. भंगारात निघालेला फीड पंप, फिल्टर, नोझल आणि रिटर्नची झडप एका फळीवर क्रमाने जोडून प्रयोगशाळेत लावावी. डिझेलऐवजी पाणी वापरावे. मग शिक्षकांनी गुपचूप एक दोष करून ठेवावा आणि मुलांच्या गटाने तो शोधावा. गुण दोष सापडल्याबद्दल देऊ नयेत. कोणती चाचणी आधी केली आणि का, याबद्दल द्यावेत. नशिबाने उत्तर सापडणे आणि विचाराने सापडणे यांतला फरक मुलांना असाच कळेल.

हे शिक्षण शहरापेक्षा दूरच्या भागांना अधिक गरजेचे आहे. हेमलकशाला १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली आणि माडिया मुलांच्या पिढ्या तेथे शिकल्या. गडचिरोलीच्या जंगलातून आज लोहखनिजाचे ट्रकही धावतात. ते ट्रक चालवणारे, दुरुस्त करणारे आणि उद्या त्यांची रचना करणारे हात याच शाळांतून यावेत. जेथे पावसाळ्यापूर्वी डिझेल पिंपांत साठवावे लागते, तेथल्या मुलाला हे माहीत असले पाहिजे, की उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचते, रात्री पिंप थंड होऊन आतली हवा आकसते आणि ते पाणी बुचाच्या फटीतून आत ओढले जाते. म्हणून पिंप आडवे किंवा कलते ठेवावे. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीतील दट्ट्याला गंजापासून वाचवणारे हे ज्ञान आठवीच्या पुस्तकातील उष्णतेच्या धड्याइतकेच सोपे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक दिसला, तर मेस्त्रीला त्रास न देता थोडा वेळ पाहा. तो आधी काय तपासतो, नंतर काय, आणि का, हे मनाशी ताडून बघा. आणि शिक्षकांना एकच विनंती: पुढच्या घटक चाचणीत ‘बॉईलचा नियम लिहा’ या प्रश्नाऐवजी विचारा, ‘डिझेलच्या नळीत एक बुडबुडा शिरला तर ट्रक का बंद पडतो?’